दहावं तिकीट

१९६३ सालच्या एप्रिलमधला शेवटचा रविवार. मुंबई बघायला जाण्यासाठी घरात जमलेली रक्कम रुपये एकशे पन्नास. पडवीत हजर: आई, थोरले बंधू, वहिनी, मी, माझी बायको आणि दोघा भावांची मिळून पाच मुलं.

पैकी दादांचे पासष्ट, माझे पासष्ट आणि आईने कोंबड्या विकून साठवलेले वीस. मी तेव्हा भाताच्या गिरणीत हिशेबनीस होतो, म्हणून असला जमाखर्च घरात माझ्याकडेच येई. आम्ही लोणावळ्याला तुंगार्लीत राहायचो. थोडी भाताची खाचरं, एक दुभती म्हैस आणि माझा पगार यांवर घर चालायचं. वडील गेल्यापासून घरातला पैसा दादांच्या हाती होता. पगारातले दहा रुपये स्वतःजवळ ठेवून बाकीचे मी त्यांना देत असे. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, आजही नाही. माझी तक्रार त्या रविवारी जे घडलं त्याबद्दल आहे.

मुंबईची गोष्ट मुळात निघाली माझ्या बायकोमुळे. ती बेडशाची. लग्न होऊन आली तेव्हापासून दिवसरात्र गाड्यांचे आवाज ऐकत होती. एकदा स्टेशनावरून बाजार घेऊन येताना तिने मला विचारलं, "ह्या समद्या गाड्या तिकडंच जात्यात. मंग रूळ संपत्यात तरी कुटं?"

मी म्हटलं, "बोरीबंदरला. तितं पुढं जायाला जागाच न्हाई."

"आनि गाडी?"

"उभी ऱ्हाती."

ती थोडा वेळ चालली आणि म्हणाली, "तेवढं एकदा बघायचंय मला."

अकरा वर्षांत तिने माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. ही पहिली मागणी. मुलांनी ती ऐकली, घरभर केली, आणि मग राणीचा बाग, मत्स्यालय, चौपाटी असं एकेक वाढत गेलं. दादांना गोदीतली जहाजं बघायची होती, वहिनींना महालक्ष्मीला ओटी भरायची होती. लालबागला आईच्या भाच्याची एक खोली होती, मुक्काम तिथं. तांदूळ-डाळ आपली न्यायची, म्हणजे त्याच्यावर भार नको.

तर त्या रविवारी मी वाचून दाखवलं, "पुरी तिकिटं पाच, अर्धी पाच."

दादा म्हणाले, "पुरी चार धर."

"चार कशी? आई, तुमी, वयनी, मी आनि ही."

"म्हशीपाशी कोन ऱ्हाईल?"

त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. बाहेर वाळत घातलेले कपडे कोण आत घेईल, असं विचारावं तसं विचारलं.

ही म्हैस माझ्या बायकोने पारडी असल्यापासून वाढवलेली. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नसे. वहिनी एकदा धार काढायला बसल्या, तर चरवी गेली अंगणात आणि वहिनी शेणात. रोज सात लिटर दूध निघायचं. त्यातलं पाच लिटर सीझनभर वरच्या बाजूच्या एका बंगल्यावर रतिबाला जायचं, लिटरला रुपयाप्रमाणे.

सगळ्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "ऱ्हाते की मी. तुमी समदी जाऊन या."

"बघ, ती म्हनती बी," दादा म्हणाले, आणि विषय संपला असं समजून त्यांनी तंबाखू काढली.

मला राग आला तो इथं. जिच्या तोंडून मुंबईचं नाव निघालं तिलाच वगळून बाकी नऊ जणांनी निघायचं! वहिनींच्या हाताला म्हैस पान्हवत नाही म्हणून वहिनी मोकळ्या, आणि हिच्या हाताला पान्हवते म्हणून ही दावणीला. दादा म्हणाले, "हिला तू मागनं कदीतरी न्हे." हे 'मागनं' मी अकरा वर्षं ऐकत होतो. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न बेडशाला होतं. तेव्हासुद्धा ही सकाळची धार काढून गेली, अक्षता टाकल्या आणि पंगत बसायच्या आत कामशेतला येऊन गाडीत बसली, कारण संध्याकाळची धार होती. बहिणीच्या लग्नाचं जेवण हिने घरी येऊन फडक्यातून सोडून खाल्लं. तेव्हाही सगळे म्हणाले होते, मागनं माहेरपणाला जा चार दिवस. ते चार दिवस अजून यायचे आहेत.

दुसऱ्या दिवशी गिरणीतून सुटल्यावर मी बंगल्यावर गेलो. दोन दिवस दूध नाही आलं तर चालेल का, एवढंच विचारायचं होतं. बाई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"दूध नाही? आणि ते का?"

"घरची सगळी मुंबई बघायला जातोय. धार काढणारं माणूसही येणार आहे."

त्या हसल्या. "अहो, मुंबईत काय बघायचंय या उकाड्यात? आम्ही तिथून पळून इथं येतो. तुमच्या मिसेस तर दमून जातील. पावसाळ्यानंतर पाठवा त्यांना."

"मुलांना सुट्टी आत्ता आहे, बाई."

"मग मुलांना न्या ना. दूध बंद झालं तर मला दुसरीकडे सांगावं लागेल. आणि एकदा दुसरीकडे सांगितलं की सीझनभर मी तिथूनच घेईन. सारखं बदलायला मला नाही जमत."

मी बरं म्हणून निघालो. बोलायला हवं होतं ते तळ्यापर्यंत चालत आल्यावर सुचलं, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. या लोकांनी आमची हवा खायला यायचं आणि त्यांच्या चहात दूध पडावं म्हणून आमच्या बाईने त्यांचं गाव बघायचं नाही, हे मला काही केल्या पटेना.

घरी आलो तर वेगळाच खटाटोप चालला होता. वहिनींनी माझ्या बायकोचं रोजचं लुगडं नेसून म्हशीला फसवायचं ठरलं होतं. आमच्याकडे असं करतात. कधी कधी साधतंही. पण माझी बायको काडीसारखी आणि वहिनी अंगाने चांगल्या भरलेल्या. लुगडं काष्ट्याला पुरेना.

"पदर तोंडावं घे," आई म्हणाली, "म्हशीला नवी सून आल्यागत वाटंल."

"आत्याबाई, हसू नगा. मला आदीच कापरं भरलंय."

दादा गोठ्याच्या दारातून म्हणाले, "बोलू नगं, आवाज वळखती ती."

म्हशीने मान वळवून लुगडं हुंगलं. शांत उभी राहिली. वहिनींनी कासेला हात लावला मात्र, तिने दूध वर चोरलं आणि मागचा पाय उचलला. वहिनी चरवी घेऊन मागं सरल्या. तेवढ्यात माझी बायको चुलीपाशी बसल्या बसल्या सवयीने बोलून गेली, "हं हं, उबी ऱ्हा माजे बाय." ते ऐकून म्हशीने पाय खाली टेकला आणि पान्हा सोडला. वहिनींनी निम्मी चरवी भरली. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

"जमलं की!" मी म्हटलं.

"काय जमलं?" दादा म्हणाले. "आतनं बोलायला तरी हिला ठेवायला पायजेच."

यावर सगळे हसले. मी हसलो नाही. बायको हसली, याचा मला जास्त राग आला.

मग आई बोलली. पायरीवर बसून ती इतका वेळ सगळं बघत होती. "अरं, म्हशीला रेडकू हाय का न्हाई? दोनी टायमाला त्याचा दोर सोडायचा. पिऊन घेतंय ते. कास बी मोकळी आनि म्हस बी गप. शेजारचं आबा सोडतील की दोर."

मी दादांकडे पाहिलं. दादांचा जन्म गुरांत गेलेला. ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती असं मी म्हणूच शकत नाही. वहिनींनाही ठाऊक असणार. मी गिरणीतला माणूस, माझ्याच ध्यानात आलं नव्हतं. दोन दिवस आम्ही बसलो होतो म्हशीची अडचण सोडवत, आणि म्हशीची अडचण कधीच नव्हती.

"रेडकू हागून मरंल," दादा म्हणाले.

"पाच म्हैन्याचं हाय ते. मेलं तर माज्या नावावं लिव."

"आनि रतिबाचं पैसं?"

आता खरं ते बाहेर आलं.

नंतर मी बायकोला विचारलं, "तुला ठावं व्हतं ना रेडकाचं?"

"व्हय."

"मंग बोलली का न्हाईस?"

"मी बोलले असते तर म्हनले असते, हिलाच जायचंय म्हनून बोलती."

दादांच्या बाजूचंही लिहितो, कारण अर्धाच हिशेब मांडणं माझ्या स्वभावात नाही. ते पैशाचे लोभी नव्हते. पाऊस लागायच्या आधी बियाणं, खत, कौलं परतणं, मुलांच्या फिया, हे सगळं त्यांनाच बघावं लागे, आणि रतिबाचा पैसा हा हातात रोख येणारा पैसा होता. स्वतःसाठी त्यांनी कधी उधळपट्टी केली नाही. पण त्याच माणसाने गोदीतली जहाजं बघायला पासष्ट रुपये काढले होते, हेही खरं आहे.

शेजारच्या आबांना मी जाऊन विचारलं. ते म्हणाले, "जावा रं बिनघोर. दोर सोडायचा आनि बांधायचा, त्यात काय." ही तजवीज करून मी पुन्हा पडवीत येऊन बसलो.

दादा म्हणाले, "तीन दिसाचं पंधरा रुपये बुडत्यात."

"तीन दिस न्हाईत," मी म्हटलं. "पैल्या दिशी सकाळची धार काढूनच ही निघनार. तिसऱ्या दिशी संध्याकाळच्या धारंला परत. बुडत्यात त्या मधल्या चार धारा. सकाळच्याला तीन लिटर, संध्याकाळच्याला दोन. समदं मिळून धा लिटर. धा रुपये."

"आनि माघारी आल्यावं म्हस दोन-चार दिस कमी देईल, त्येचं?"

"त्येचं दोन धरा."

"म्हंजी बारा. कोन भरनार?"

ते हे विचारतील असं मला वाटलं नव्हतं. घरचेच पैसे, घरचीच म्हैस. पण विचारलं.

"मी भरतो," मी म्हटलं. "माज्या दहातनं वाहाणांसाठी मागं टाकलेत, त्यातनं. पन दादा, एक सांगा. अकरा वर्सं ही सकाळ-संध्याकाळ धार काढती, त्येचं किती धरायचं?"

त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. "घरच्या बाईचं काय धरायचं असतंय?"

"व्हय, घरच्या बाईचं कसलं आलंय," वहिनी आतून म्हणाल्या. त्या अशा सुरात म्हणाल्या की दादांनी वळून दाराकडे बघितलं.

दुधाला भाव होता. पेंडीला होता, रेडकालासुद्धा बाजारात किंमत आली असती. त्या सगळ्या जमाखर्चात एकच गोष्ट बिनमोल होती आणि ती रोज पहाटे उठून कामाला लागत होती. आज मी हे लिहितो तेव्हा दादा थकलेत, आमचं चांगलं आहे, सणावाराला एकत्र जेवतो. तरी ते वाक्य आठवलं की मला घास जात नाही.

बंगल्यावर मी पुन्हा गेलो. या वेळी विचारलं नाही, सांगितलं. "बाई, मंगळवारी संध्याकाळपासून गुरुवारी सकाळपर्यंत दूध येणार नाही. गुरुवारी संध्याकाळी येईल. पुढे घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

"बरं," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. दुसरीकडचं नाव नाही, सीझनचं नाव नाही. मी वळलो तर मागून म्हणाल्या, "अहो, जाताच आहात तर एक फणस न्याल का? दादरला आमच्या घरी टाकायचा. रस्त्यावरच आहे."

मी म्हटलं, "आमच्याकडे पाच लहान मुलं आणि दहा माणसांचे तांदूळ आहेत, बाई. फणसाला हात नाही."

मंगळवारी बायकोने सकाळची धार काढली. बंगल्याचं दूध पोचवून आली, अंघोळ केली, लग्नातलं हिरवं लुगडं नेसली. रेडकाचा दोर कसा सोडायचा ते आबांना तिने तिसऱ्यांदा दाखवलं. मुलं अंगणात ओळ करून उभी होती. आई पिशवी काखेत मारून तयार.

बायकोने मला बाजूला बोलावलं. "दिलं का ते बारा रुपये?"

"न्हाई. दादा परत बोलले न्हाईत. मला वाटतंय सोडून देतील."

"सोडून न्हाई द्यायचं. द्या आत्ताच, समद्यांम्होरं."

"अगं, घरातल्या घरात..."

"तुमाला न्हाई कळायचं. तितं बोरीबंदरला उबी ऱ्हाऊन मी बघत असनार, आनि कुनीतरी म्हननार, हिच्या पायी बारा रुपये गेले. मला ते ऐकून घ्यायचं न्हाई. मी कुनाच्या उपकारावं बघनार न्हाई."

मला वाटत होतं की दादांना लाज वाटेल, ते हात मागं घेतील, आणि मग माझी बायको या घरातल्या माणसासारखी गाडीत बसेल. ती माझी आशा होती. तिची नव्हती. तिला पावती हवी होती.

मी पडवीत गेलो. दादा टोपी घालत होते. दहाची एक नोट आणि रुपयाची दोन नाणी मी त्यांच्यापुढे धरली. आई बघत होती, वहिनी बघत होत्या, पोरंही बघत होती. दादांनी नोट उलटून पाहिली, नाणी मोजली आणि सगळं कनवटीला लावलं.

चार धारांचे दहा आणि पुढल्या तुटीचे दोन. एकूण रुपये बारा, थोरल्या बंधूंना रोख पोचले.