चार ओळींचं पत्र

मैफलीला बसण्याआधी आम्ही गाणारे-वाजवणारे एक रडगाणं लावतो. गाणारा म्हणतो, आज गळा बसलाय. सतारवाला म्हणतो, हवेनं तारा उतरताहेत. तबलजी म्हणतो, आज हातच चालत नाहीये. समोरचे हसतात आणि कार्यक्रम सुरू होतो. त्यात थोडा नम्रपणा असतो, थोडी दृष्ट लागू नये ही भावना असते, आणि वाजवणं खरंच फसलं तर आधी सांगून ठेवल्याची सोय असते. मिरजेला माझ्या गुरुजींचा गळा पंचवीस वर्षं रोज बसलेला होता आणि रोज ते तीन तास गात होते.

ही रीत आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत असते. मलाही होती. तरी सहा वर्षांपूर्वी मी ती कागदावर खरी म्हणून लिहून दिली, खाली सही केली, आणि त्या कागदाच्या आधारानं एका माणसाची तक्रार बंद झाली. मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

मी चंदीगडला कॉलेजात गाणं शिकवायला आलो. दोन वर्षांत परतायचं ठरवून आलो होतो, त्याला बेचाळीस वर्षं झाली. इथल्या आमच्या मराठी मंडळात फौजेतले अधिकारी, डॉक्टर आणि प्राध्यापक. निम्मे लोक तीन वर्षांत बदली होऊन जातात. त्यामुळे गणपतीत दर दोन-तीन वर्षांनी आरतीचे चेहरे नवे आणि गाणारा बुवा तोच.

माझ्या साथीला चौदा वर्षं एकच तबलजी होता. शहराच्या कडेच्या वस्तीत वाढलेला. त्याचे वडील उत्तर प्रदेशातून इथे इमारतींच्या कामावर आले होते. सकाळी तो माझ्या घरच्या वर्गात मुलांना ठेका धरून द्यायचा, एरवी देवीच्या जागरणांत रात्रभर ढोलक वाजवायचा. अभंगातलं मराठी त्याला अर्धंच कळे, पण कुठल्या ओळीवर मी थांबणार ते माझ्याआधी कळे. त्याची खरी ताकद डाव्या हातात होती. डग्ग्यावर मनगटाचा जाड भाग दाबून पुढे सरकवला की आवाज चढतो आणि मागे घेतला की खोल जातो, त्याला आम्ही घुमारा म्हणतो. त्याचा घुमारा ऐकायला पंजाबी मुलं मराठी अभंगांना येऊन बसत.

त्या वर्षी गणपतीच्या चौथ्या दिवशी आमचा कार्यक्रम होता. हॉल भरलेला, बंदोबस्ताचे दोन पोलीस दाराशी. मी माईक जवळ ओढून त्याला विचारलं, "क्यों उस्ताद, चलेगा ना हाथ आज?"

तो म्हणाला, "कहाँ मास्टरजी! बायाँ तो उठ ही नहीं रहा. बहुत दर्द है."

मी हसतच म्हणालो, "मग काय, आज मीपण अर्धंच गातो."

सगळे हसले. त्यानंतर दोन तास त्यानं असं वाजवलं की शेवटच्या भैरवीला मी गाणं थांबवून त्यालाच वाजवू दिलं.

कार्यक्रम लांबला म्हणून माझे दोन माईक आणि छोटा मिक्सर त्याच्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो ते स्कूटरवरून माझ्याकडे आणत होता. नाक्यावर पोलिसांनी अडवलं. सामान कुणाचं? मास्टरजींचं. बिल? बिल नव्हतं. त्यानं मला तीनदा फोन केला. मी दुपारचा झोपलो होतो, फोन दुसऱ्या खोलीत.

उठल्यावर मी फोन लावला तेव्हा पलीकडून एका शिपायानं चौकीवर यायला सांगितलं. मी बिल शोधून घेऊन गेलो. तो बाकावर बसला होता, डावा हात मांडीवर, त्याला रुमाल गुंडाळलेला. बिल पाहून त्यांनी सामान दिलं, त्यालाही सोडलं. एकानं मला "सॉरी गुरुजी" असंही म्हटलं. मी "कोई बात नहीं" म्हणालो. ते शब्द माझ्या तोंडून का निघाले हे मला आजही सांगता येत नाही.

बत्तीस सेक्टरच्या हॉस्पिटलकडे जाताना रिक्षात त्यानं सांगितलं.

"पूछा, क्या करता है. मैंने कहा, तबला. बोले, बजा के दिखा. मेज़ पर बजवाया, मास्टरजी. मैंने बजाया भी. फिर एक बोला, बायाँ ढीला है इसका. दूसरे ने कहा, अभी कस देते हैं."

पुढचं त्यानं सांगितलं नाही. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर घालेपर्यंत मी बाहेर बसून होतो, म्हणजे मला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कुणी मला फसवलं नाही.

त्यानं तक्रार केली. आठ-दहा दिवसांनी आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी मला चहाला बोलावलं. ते हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, सरळ माणूस. घरात एक पोलीस अधिकारी बसले होते, अतिशय आदबीनं बोलणारे. चकल्यांची बशी माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले, "गुरुजी, हमारे जवान ने खुद सुना था. उसने माइक पर कहा था कि बाएँ हाथ में दर्द है. कहा था ना?"

"कहा था, मगर—"

"बस, उतना ही लिख दीजिए. एक शब्द भी ज़्यादा नहीं."

मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते मराठीत म्हणाले, "बुवा, खोटं काहीच लिहायचं नाहीये. हॉल, लाउडस्पीकर, विसर्जन, दरवर्षी सगळ्याची परवानगी आपल्याला यांच्याकडूनच लागते. आणि आपण इथे पाहुणे. पाहुण्यानं घरच्या भांडणात पडू नये."

मी चार ओळी लिहिल्या. कार्यक्रमापूर्वी सदर कलाकारानं आपल्या डाव्या हातात तीव्र वेदना असल्याचं सर्वांसमक्ष सांगितलं होतं, असं हिंदीत. मला कुणी धमकावलं नव्हतं. मी दुसरी चकलीही घेतली.

चौकशी बंद झाली. दुखणं जुनं, असा निष्कर्ष निघाला आणि आधार म्हणून 'शहरातील ज्येष्ठ गायक' यांचं पत्र. त्यानं मला फोन केला नाही. हाड जुळलं, पण मनगट फिरेना. वर्षभरात तो बायकोमुलांसह पिंजौरला मेहुण्याकडे राहायला गेला.

आम्ही त्या दिवशी मंचावर पाच जण होतो. पुढच्या गणपतीत दुसरा तबलजी आला. कुणी विचारलं नाही, पहिला कुठे गेला. विद्यार्थ्यांना मी सांगत राहिलो की कलाकारानं या भानगडींपासून दूर राहावं, आपलं काम सुरांशी. हे मी वर्गात इतकं ठासून सांगत असे की एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, आपसे किसी ने कुछ पूछा है क्या?"

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी पंचकुल्याहून आली. माझी जुनी ध्वनिमुद्रणं ती संगणकावर चढवून देत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. पेटीवर ठेवायच्या माझ्या छोट्या रेकॉर्डरमध्ये तो कार्यक्रम निघाला. मी स्वयंपाकघरात होतो. तिथे मला माझा आवाज ऐकू आला, मग त्याचा, मग ते हसणं.

तिनं ते पुन्हा लावलं. "बाबा, ये वही अंकल हैं ना? जिनका हाथ..."

"हो."

"आपने लिख के दिया था कि इनको पहले से दर्द था." तिनं ते थांबवलं. "पर बाबा, इसमें तो आप सब हँस रहे हो."

मी गॅस बंद केला आणि बसून पूर्ण दोन तास ऐकलं. मोडक्या, दुखऱ्या मनगटानं असा घुमारा निघत नाही, हे कुठल्याही तबला शिकणाऱ्या पोराला कळलं असतं. आणि तो विनोद होता हे कळायला तर तबलाही यावा लागत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी सतरा सेक्टरच्या स्टँडवरून काल्क्याची बस पकडून मी पिंजौरला उतरलो. मेहुण्याचं हार्डवेअरचं दुकान. माझा तबलजी उजव्या हातानं खिळे तोलत होता. डाव्या हाताच्या कोपरानं पिशवीचं तोंड दाबून धरलेलं.

"बैठिए मास्टरजी," तो म्हणाला, जणू मी परवाच भेटलो होतो.

त्याची बायको मागच्या दारातून आली. मला पाहून दारातच उभी राहिली. "चाय नहीं पूछूँगी," ती म्हणाली. "बुरा मानना हो तो मान लो."

मी म्हणालो की मी चहासाठी आलेलो नाही. मग मी जे केलं ते सांगितलं. रिक्षातलं ऐकूनही पत्र लिहिलं, हेही. तो खिळ्यांकडे बघत ऐकत होता. मग मी फोनवर ते ध्वनिमुद्रण लावलं. थोड्या वेळानं त्याच्या उजव्या हाताची बोटं तागडीच्या काठावर चालू लागली.

"बीच में लय भाग रही है," तो म्हणाला.

"हो. तुझी."

"मेरी? आप भाग रहे थे, मास्टरजी. मैं तो पीछे से कुर्ता पकड़ के रोक रहा था."

आम्ही दोघं हसलो. त्याची बायको हसली नाही. तिनं विचारलं, "ये इनको क्यों सुना रहे हो? इनको तो पता है. जज को सुनाओ. केस अभी बंद नहीं हुआ है हमारा."

मला ते माहीतच नव्हतं. चौकशी बंद झाल्यावर त्यानं कोर्टात अर्ज केला होता. तारखा पडत होत्या आणि दरवेळी समोर माझं पत्र येत होतं. सहा वर्षं त्या पत्राशी तो एकटा भांडत होता.

मी परत आलो, खरं काय ते लिहून प्रतिज्ञापत्र तयार केलं आणि त्या दिवशी मंचावर असलेल्या बाकी तिघांना गाठलं. झांज वाजवणाऱ्या बाई निवृत्त प्राध्यापिका आहेत. त्यांनी माझं प्रतिज्ञापत्र वाचलं आणि म्हणाल्या, "नुसती साक्षीदार म्हणून नको, माझंही वेगळं करा. हसणाऱ्यांत मीही होते." तानपुऱ्याला बसलेला माझा जुना विद्यार्थी कॅनडात आहे. त्यानं फोनवर सांगितलं, बोलवतील तेव्हा बोलेन. बासरीवाल्यानं सही केली नाही. मुलाच्या पासपोर्टची पोलीस तपासणी व्हायची आहे म्हणाला. मी त्याला नावं ठेवू शकत नाही. तो निदान गप्प राहिला, मी तर लिहून दिलं होतं.

मग अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, यंदा गणपतीत माझ्या कार्यक्रमाआधी पाच मिनिटं मी हे मंचावरून सांगणार आहे. ज्या माईकवरून ते बोललं गेलं त्या माईकवरून.

"अहो बुवा, सहा वर्षं झाली. आता कशाला उकरताय? आणि गाण्याच्या कार्यक्रमात हे?"

"गाण्याच्या कार्यक्रमातच झालं ते. आपल्या साथीदाराचा हात मोडला आणि आपण दुसरा साथीदार आणला."

"सांगितलं होतं ना, आपण इथे पाहुणे—"

"साहेब, बेचाळीस वर्षं राहतो त्याला पाहुणा म्हणतात का? माझी बायको याच शहरात गेली. तुमच्या दोन्ही नाती इथे जन्मल्या. त्यांना तरी सांगून बघा, तुम्ही पाहुण्या म्हणून."

ते उठून माझ्याबरोबर दारापर्यंत आले. मग म्हणाले, "समितीपुढे ठेवतो." येत्या गणपतीत माझं गाणं ठेवायचं नाही, असं समितीनं ठरवलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण हे कळल्यावर पुढच्याच रविवारी मी माझ्या सगळ्या आजी-माजी विद्यार्थ्यांना घरी बोलावलं, जमिनीवर दाटीवाटीनं बसवलं, आणि गाणं न गाता ही हकिकत सांगितली. आधी जे शिकवलं होतं ते चूक होतं, असंही सांगितलं. आपण हॉलमध्ये दोनशे माणसांना गप्प बसवून ऐकायला लावतो. त्यातला एक आवाज कुणी काठीनं बंद केला, तर बाकीच्यांनी बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? त्याचा डावा हात कसा चालत होता हे डॉक्टरला कळणार नव्हतं, वकिलाला कळणार नव्हतं. ते फक्त आम्हाला माहीत होतं.

गेल्या महिन्यात माझी साक्ष झाली. कोर्टाच्या व्हरांड्यात तो इस्त्रीच्या शर्टात उभा होता, बायको शेजारी. त्याच्या वकिलानं सहज विचारलं, "अंकलजी, बोल लेंगे ना? गला-वला ठीक है?"

पन्नास वर्षांची सवय. 'जरा बसलाय' हे जिभेवर आलंच होतं. तबलजी माझ्याकडे बघत होता. त्यालाही कळलं असणार काय येतंय ते.

"ठीक है," मी म्हणालो. "बिलकुल ठीक है."

न्यायाधीश माझ्या मुलीपेक्षाही लहान बाई होत्या. त्यांनी पत्र समोर धरलं. "ये आपके दस्तख़त हैं?"

"जी."

"इन्होंने ये शब्द कहे थे?"

"कहे थे. शब्द सच हैं, पत्र झूठा है." मग मी त्यांना आमची रीत समजावून सांगितली. गळा बसण्याची, तारा उतरण्याची. गुरुजींचंही सांगितलं.

"छह साल चुप क्यों रहे?"

"डर से नहीं. चुप रहने में आराम था."

त्यांनी ते शब्द तसेच लिहून घ्यायला सांगितलं. मग ध्वनिमुद्रण लावलं गेलं. त्या खोलीत, फायलींच्या ढिगांमध्ये, आमचा हॉल पुन्हा हसला. बाईंनी हात वर करून थांबवायला सांगितलं, मागे घेऊन ती जागा पुन्हा ऐकली.

"इनके कहते ही सबसे पहले जो हँसा," त्यांनी विचारलं, "वो कौन है?"

"मैं," मी म्हणालो.

पुढची तारीख पावसाळ्यानंतरची मिळाली आहे. बाहेर आल्यावर तबलजीच्या बायकोनं पिशवीतली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. त्या तारखेला झांजवाल्या बाईंची साक्ष आहे. त्या दिवशी मला काही काम नाही, तरी मी जाणार आहे. तो उभा असेल तिथे, त्याच्या डाव्या बाजूला.