करदोड्याची किल्ली

अंकुश गेल्याचा फोन वहिनींचाच आला. रडणं आवरत त्या म्हणाल्या, "साहेब, यांचा करदोडा तोडताना कपाटाची किल्ली निघालीय. कुणाला द्यायची?" महिना होत आला, तो प्रश्न काही डोक्यातून जात नाही...

आम्ही दोघं एकदमच ग्रामसेवक झालो. त्याची पहिली नेमणूक चकलांब्याच्या अलीकडच्या एका गावात. चार्ज घ्यायला तो मलाही घेऊन गेला. जुने ग्रामसेवक निवृत्त होत होते. हार, पेढे, दारात जीप उभी. दप्तराची यादी समोर आणि कपाट बंद. अंकुश म्हणाला, "उघडून बघू का रे?" मी म्हणालो, "सही कर बे! सगळेच अशीच करत्यात." त्यानं केली. आठवड्यानं कळलं, जन्मनोंदीची एक जुनी वही कपाटात नाहीच. म्हाताऱ्यानं हात वर केले, "मी तर दिली. तुमची सही हाय ना?"

तिथून अंकुश त्या गावात अडकला तो अडकलाच. बदली झाली की नवा माणूस यायचा, वही नाही म्हटल्यावर चार्ज न घेताच माघारी जायचा. चार्ज दिल्याशिवाय याची सुटका नाही, आणि वही हरवली असं लिहून द्यावं तर हरवणारा म्हणून याचंच नाव लागणार. बढतीच्या यादीत आम्ही दोघं होतो. मी विस्तार अधिकारी झालो, त्याला गावच सोडता आलं नाही. कुणाला जन्मदाखला लागला की शाळेच्या नोंदी धुंडाळत तालुक्याला खेपा घालायचा. उरलेलं तरी जाऊ नये म्हणून कपाटाची किल्ली करदोड्याला बांधलेली. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर भेटलो की मी चेष्टा करायचो, "काय बे, सासऱ्याची तिजोरी हाय का?" तो हसायचा. एकदाच म्हणाला, "लोक नोकरी करत्यात, भाऊ. मी राखण करतोय... नसलेल्या वहीची." मी बिल मागवलं. पण चूक माझी होती, हे तेव्हाही तोंडातून निघालं नाही. भित्रा होतो मी.

कर्मचारी वारला की त्याचा चार्ज पंचनामा करून एकतर्फी घेतात. त्यासाठी ऑफिसनं मलाच पाठवलं. नव्या ग्रामसेविकेनं खाली बसकण मारून एकेक वही उघडायला सुरुवात केली. दुपार टळली तसे सरपंच म्हणाले, "करा की सही, मॅडम. जेवणं खोळंबलीत." मी म्हणालो, "बघू द्या त्यांना." शेवटी तिनं मान वर केली. "साहेब, एक वही न्हाई. कधीपासून न्हाई?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणालो. "मी होतो तिथं."

तिनं लिहिलं, 'सदर वही आढळून आली नाही.' एवढी एक ओळ, हरवणारा म्हणून कुणाचंच नाव नाही. खाली मी सही केली आणि अंकुश सुटला.

कपाटाला आता नवं कुलूप आहे. जुनी किल्ली माझ्या टेबलाच्या खणात असते, तुटलेल्या काळ्या दोऱ्यासकट. त्या दिवशी फोनवर मी वहिनींना म्हणालो होतो, "माझ्याकडं द्या." त्यांना वाटलं, साहेब म्हणून मागतोय.