बिरोबाच्या आवारातली शिकवणी

प्रात्यक्षिक परीक्षेत मी नापास झाले, तेव्हा मनात आलं, देवालाच हे मान्य नसावं. लेखी पेपर चांगला गेला होता. रक्त थांबवणं, मोडलेल्या हाताला आधार बांधणं, ऑक्सिजन लावणं, सगळं जमलं होतं. पण छातीवर दाब द्यायला सरावाच्या पुतळ्यापाशी गुडघे टेकून बसले आणि हात पुन्हा पुन्हा थांबू लागले. परीक्षक म्हणाले, "ताई, तुम्ही मध्येच थांबताय. इथं थांबून चालत नाही." त्यांना काय सांगणार? मला पुतळा दिसतच नव्हता. आबा दिसत होते.

आबा म्हणजे माझे वडील. आम्ही आटपाडीकडचे, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेल्या घरातले. उतारवयात आबांनी थोडी डाळिंबं लावली होती. मी सुट्टीला घरी गेले असताना त्या बागेतच एका सकाळी ते छाती धरून खाली बसले. जवळ मी एकटी. मी पाणी पाजायला बघितलं, पदरानं वारा घातला, बिरोबाचा धावा केला. रुग्णवाहिका आली तोवर सगळं संपलं होतं. तिच्यातून उतरलेल्या बाईंनी विचारलं, "छातीवर दाब कुणी दिला होता का?" त्यांनी साधेपणानंच विचारलं, पण तो प्रश्न माझ्या उरात रुतून बसला. कुपवाडच्या कारखान्यातलं पॅकिंगचं काम सोडून मी सांगलीत रुग्णवाहिकेवरच्या तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम घेतला. आणि बिरोबापुढं हात जोडायचे सोडून दिले.

सांगलीतले ते दिवस आता आठवले की हसूही येतं आणि डोळेही भरतात. एका खोलीत आम्ही तिघी. रविवारी एकमेकींच्या हातांना हाड मोडल्यावर बांधतात तशा खपच्या बांधायच्या आणि तशाच हातांनी चहा प्यायचा. भाजी चिरताना एकीनं औषधाचं नाव घ्यायचं, दुसरीनं त्याची मात्रा सांगायची. खिडकीतून हळदीचा वास यायचा. अजूनही तो कुठं आला की पुस्तकाची पानं डोळ्यांपुढं येतात. त्या दोघी पास झाल्या, खोली सोडून गेल्या. मी फेरपरीक्षेची तारीख घेऊन गावी आले.

आई म्हणाली, "बिरोबाला जाऊन ये."

"मला काही मागायचं नाही त्याच्याकडं."

"मागू नगंस. पर भांडाय तरी जा. आसं अबोला धरून किती दीस ऱ्हाशील?"

तिच्या शब्दाखातर गेले. आवारात लिंबाच्या सावलीत धनगरी गजनृत्याची मंडळी ढोल वाजवत होती. मी देवापुढं उभी राहिले, पण हात जोडले नाहीत. बाहेर येऊन पारावर बसले आणि मांडीवरच्या पिशवीवर तळहात ठेवून नकळत दाबत राहिले.

"कोपरं वाकत्यात तुजी," शेजारून आवाज आला. सत्तरीचे एक गृहस्थ होते, पांढरी टोपी, ताठ पाठ. "सीपीआर शिकतीयस व्हय?"

सातारा जिल्ह्यातले, कोरेगावकडचे. फौजेत जखमींची शुश्रूषा करण्यात हयात गेली, निवृत्त झाले. मला काय वाटलं कोण जाणे, परीक्षेचं सांगता सांगता आबांचंही सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग खांद्यावरचं घोंगडं गुंडाळून दगडी फरशीवर ठेवलं आणि म्हणाले, "बस हितं. ढोलाकडं कान दे, हात चालू ठेव."

लोक बघत होते. मला लाज वाटली, तरी बसले. वादकांनी ठेका जरा चढवला. "जोर हातात न्हाई, खांद्यात. हां! आता कसं?" ते म्हणत राहिले. त्या ढोलात माझे हात कधी मिसळले ते कळलं नाही. आणि दाबता दाबता मी रडू लागले.

त्यांनी थांबवलं नाही. डोळे पुसून मी उठल्यावर मात्र म्हणाले, "माजा फौजेतला जोडीदार हितल्याच शेजारच्या गावचा. माज्या हाताखाली गेला. मी समदं बरोबर केलं हुतं, तरी गेला. म्हणून दरसाल त्याच्या देवाला येतो. तुला तर तवा येतच नव्हतं पोरी, त्यात कसलं पाप? आपण दाबायचं. श्वास देणारा त्यो हाय."

विट्याची एसटी लागली तसे ते घोंगडं झटकून गेले. नाव विचारायचंही मला सुचलं नाही. मी परत गाभाऱ्यात गेले. या वेळी ना मागितलं, ना भांडले. नुसते हात जोडले.

फेरपरीक्षेत हात थांबले नाहीत. परवाना मिळाला, आष्ट्याकडच्या गाडीवर नेमणूक झाली. पहिल्याच महिन्यात माझ्या हाताखाली एका शिक्षिकेचं हृदय पुन्हा चालू झालं. तेव्हा वाटलं, हीच बिरोबाची कृपा. पण ती मला खरी कळली पुढच्या एका दुपारी. एका वस्तीवर ऊसतोडीत कोसळलेल्या माणसाला आम्ही गाडीत घेतलं. दवाखान्याच्या दारापर्यंत मी दाब देत राहिले. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

महिन्याभरानं त्यांची मुलगी मला शोधत आली. मी घाबरले, आता जाब विचारणार. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. "ताई, मी गाडीत हुते. तुमी शेवटपर्यंत सोडलं न्हाईसा. वडलांसाठी जेवढं करण्यासारखं हुतं तेवढं झालं, एवढं मला कळतंय. म्हणून तर रात्री डोळा लागतोय."

ज्या समाधानासाठी मी आबा गेल्यापासून तळमळत होते, ते माझ्या हातून तिच्यापर्यंत पोचलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी तिला पोटाशी धरलं. कुणाला वाचवणं माझ्याकडं नाही, कुणाच्या पदरी काय घालायचं तेही माझ्याकडं नाही, हे त्या क्षणी फार हलकं, फार गोड वाटलं. तेवढ्यात गाडीचा फोन वाजला. चालकानं पत्ता विचारून घेतला, तिनं माझे हात सोडले, आणि मी धावत जाऊन गाडीत बसले.