लॉरीच्या बुकातलं नाव

१९५६ साल. माझं वय बत्तीस. आठ वर्षं बोटीवर खलाशी म्हणून काढली आणि त्या सगळ्या कमाईतून संगमेश्वरच्या एका व्यापाऱ्याची जुनी लॉरी घेतली. हाकायला मुंबई बंदरात शिकलोच होतो. गावात कुणाच्या दारात सायकल नव्हती तेव्हा माझ्या दारात लॉरी आली. दोन यत्ता शिकलेला मी, पण त्या दिवसापासून रस्त्याच्या मधून चालायला लागलो.

कागदावर नाव चढवायचं काम मेहुण्याकडे दिलं. बायकोचा धाकटा भाऊ, रत्नागिरीत कारकून, इंग्रजी वाचणारा. एका रविवारी तो छापील कागद घेऊन आला. "भावोजी, इथं सही करा."

कागद सगळा इंग्रजी. मी म्हटलं, "विकणाऱ्यानं केलीय ना? मग मी कशाला?"

"घेणाऱ्याचीपण लागते."

"बांगडे घेताना करतो काय कोण सही?"

तो हसला. तिथंच माझं बिनसलं. इंग्रजी येणारा माणूस हसला की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. सही केली नाही. तो पुन्हा आला, तसाच परत गेला. तिसऱ्या खेपेला गाडीचं नोंदणीचं बुक आणि तो छापील कागद माझ्या हातात ठेवून म्हणाला, "घ्या, सांभाळा तुमचं तुम्ही." आणि चहा न घेता गेला.

बहिणीच्या घरून चहा न घेता माणूस का जातो? मी बुक उघडलं. एका पानावर शाईनं, इंग्रजीत, कुणाचं तरी नाव. कुणाचं? वाचायला गावात मास्तर होते. पण त्यांच्यापुढे बुक धरलं असतं तर दुपारपर्यंत बोभाटा झाला असता की लॉरीवाल्याला स्वतःचं बुक वाचता येत नाही, आणि मेहुण्यावर भरवसाही नाही. नाक्यावरचा चहावाला आधीच टोचत होता, "लॉरी तुझ्या दारात हाय रे, पण कागदात कुणाच्या दारात हाय?"

मग आमच्याकडे अडलेला माणूस करतो तेच केलं. ग्रामदेवीला कौल लावला. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही अंगांना कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

गुरव म्हणाला, "गाऱ्हाणं मोठ्यानं घाल की. देवीला ऐकू नको यायला?"

"देवीला मनातलं कळतं. मोठ्यानं हवंय ते तुला."

मनात विचारलं, बुकात नाव माझं आहे का? डावी कळी टपकन पडली.

घरी आलो, लॉरी चालू करायचं लोखंडी हँडल काढलं आणि भाताच्या कणगीत पुरून ठेवलं. पाच दिवस लॉरी हलली नाही. बायकोनं कारण विचारलं तेव्हा म्हटलं, "तुझ्या भावाला विचार." तिनं खरंच निरोप धाडला. रविवारी तो आला. मी त्याला पायरीवरच अडवलं.

"माझ्या लॉरीवर स्वतःचं नाव चढवलंस ना? देवीनं सांगितलंय मला."

"माझं?" तो पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला. "बुकात अजून त्या व्यापाऱ्याचंच नाव आहे! तुमच्या सहीशिवाय तुमचं चढेल कसं? तीन खेपा घातल्या मी!"

आतून बायको म्हणाली, "देवी तुमचं नाही एवढंच म्हणाली. माझ्या भावाचं आहे असं कधी म्हणाली?"

मेहुण्यानं आवाज खाली आणला. "भावोजी, तो व्यापारी अंथरुणाला खिळलाय. त्याचं बरंवाईट झालं आणि मुलगे लॉरी मागायला आले, तर काय दाखवाल त्यांना? कौल?"

आठ वर्षांचं खारं पाणी डोळ्यांसमोर आलं. पटलं होतं असं मात्र म्हणणार नाही. त्याला रात्री घरीच ठेवून घेतलं. बायकोला वाटलं पाहुणचार. मला तो नजरेआड होऊ द्यायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कणगीतून हँडल उपसलं, मेहुण्याला शेजारी बसवलं आणि लॉरी थेट रत्नागिरीच्या कचेरीपुढे नेली. बाहेर एक अनोळखी म्हातारा लोकांचे अर्ज लिहून देत बसला होता. मेहुण्यादेखत त्याच्यापुढे तो छापील कागद धरला. त्यानं वाचून सांगितलं. घेणाऱ्याच्या जागी माझंच नाव होतं.

"परत एकदा वाचा," मी म्हटलं. त्यानं वाचलं. मग मी सही केली.