चंद्राच्या आधी कानपूर

लखनौ-कानपूर रस्त्यावर असा एकही माणूस नसेल, ज्याला आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी निदान एक तरी प्रश्न विचारलेला नाही. लखनौच्या इंदिरा नगरमध्ये आम्ही राहायला गेलो ते ऐंशीच्या सुमारास. काका एका संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ होते, पण त्यांच्या चौकशा वनस्पतींपाशी थांबत नसत. सब्जीवाल्याच्या हातगाडीची चाकं कुठून येतात इथपासून आईच्या भाजणीत धने कशाला इथपर्यंत त्यांना सगळं हवं असे. जिन्यात त्यांची चाहूल लागली की आई आधी गॅस बारीक करी.

दर भाऊबीजेला ते एकटेच सायकलने कानपूरला थोरल्या बहिणीकडे, ताईंकडे जात. बसने का जात नाही, असं बाबांनी विचारलं तर म्हणाले, "बस थांबवून चौकशी करता येत नाही हो." पहाटे निघत, कॅरियरला पंप, पंक्चरचं सामान आणि ताईंची साडी. ताईंची अट एकच, चंद्र दिसायच्या आत पोचायचं. भाऊ आला नाही तर बहीण चंद्राला ओवाळते, आणि ताई शिस्तीच्या. "तो तुझ्यापेक्षा वेळेवर येतो," असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. काकांना त्यांच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. वर्षातून एकदा कपाळाला कुंकू लागे ते तिथेच.

एका वर्षी उन्नावच्या अलीकडे त्यांना उसाचा कोल्हू, म्हणजे आपलं गुऱ्हाळ, दिसला. कढईत रस उकळत होता.

"भैया, मैल किससे काटते हो?"

"भिंडी के पौधे से, साहब."

झालं! भेंडीच्या चिकानं मळी कशी वर येते हे बघायला काका जे बसले ते गूळ थापेपर्यंत. तिसरी कढई चढली तेव्हा गूळवालाच म्हणाला, "बाबूजी, आप तो कानपुर जा रहे थे न?"

तोवर उन्हं कलली होती. काका जिवाच्या आकांताने सायकल हाणत सुटले. समोर बीजेची बारीक कोर दिसू लागली, आणि गंगेचा पूल यायच्या आत मावळलीसुद्धा. ताईंच्या दारात ते मान खाली घालून उभे राहिले. आत पाट मांडलेला, निरांजन तेवत होतं.

"आलास? आज ढगच होते रे, चंद्र दिसलाच नाही," ताई म्हणाल्या.

हे सांगताना काका हसले. "आभाळ लख्ख होतं. मावळेपर्यंत तो माझ्या डोळ्यांसमोर होता."

"मग ताईंना विचारलं नाहीत?" मी म्हणालो.

"नाही. गुपचूप पाटावर बसलो."

ताई गेल्या आणि कानपूरची फेरी थांबली. काकांना तेव्हा मोतीबिंदूमुळे अंधुक दिसे, तरी भाऊबीजेला संध्याकाळी ते गच्चीत येऊन उभे राहत. एकदा मीही शेजारी होतो.

"ढग आहेत का रे?" त्यांनी विचारलं.

समोर कोर स्वच्छ दिसत होती.

"आहेत, काका," मी म्हणालो. "चंद्र काही दिसत नाहीये."