गवत उपटून झाडं लावणारे

परभणीला जायचं ठरलं ते सुनंदामुळे. माझी ऑफिसातली मैत्रीण. तिचं माहेर ताडकळसच्या पुढे. डिसेंबरात गेलो. परभणी स्टेशनवर उतरून एसटी, ताडकळसहून शेअर रिक्षा. पाठदुखी असेल तर पुढच्या सीटसाठी बिनधास्त भांडा.

करडईची भाजी आणि ज्वारीची भाकरी खाऊन झाल्यावर सुनंदाची वहिनी लता आम्हाला गायरान दाखवायला घेऊन गेली. गायरान म्हणजे गावाची सामाईक चराईची जमीन. इथं पूर्वी नुसते दगड होते. गावातल्या बायकांनी दगडी बांध घातले, आळीपाळीनं चराई बंद ठेवली. आता कमरेइतकं सोनेरी गवत वाऱ्यावर डुलत होतं. त्यात गावातल्या रुक्मिणमावशी आपल्या मेंढ्या चारत होत्या. रात्री याच मेंढ्या शेतात बसतात, शेताला खत मिळतं.

पलीकडचा अर्धा भाग मात्र उजाड. गेल्या वर्षी वृक्षारोपणाचं काम घेतलेल्या कंत्राटदारानं गवत खरवडून रोपं लावली होती. खड्ड्यांत आता वाळक्या काड्या, आणि वर 'हरित उपक्रम'चा चकचकीत बोर्ड! माझं डोकंच फिरलं.

तेवढ्यात जेसीबी आला. राहिलेला भागही खणायला.

"ही पडीक जमीन आहे. झाडं लावायचीत," जेसीबीसोबत आलेला मुकादम म्हणाला.

"पडीक?" लता ओरडली. "आमी हितं हाताला फोड आणलेत! मागची झाडं कुठं हायत, दाखव की!"

"मला वरून सांगितलंय, ताई."

रुक्मिणमावशींनी सगळ्या मेंढ्या हाकत यंत्रासमोर आणल्या आणि स्वतः खाली बसल्या. "चालव आता."

आम्हीही बसलो. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. तो मुकादमाला म्हणाला, "मला न्हाई जमायचं." दिवस कलायच्या आत ते परत गेले. गावात चहा झाला, हसणं झालं.

मी पुण्याला परतले आणि आठवडाभरातच सुनंदाला लताचा फोन आला. बाया ऊसतोडीला गेल्यावर जेसीबीवाले पुन्हा आले होते. सगळं खणून टाकलं. चारा संपला म्हणून रुक्मिणमावशींनी निम्म्या मेंढ्या विकल्या.

परवा आमच्या सोसायटीत काही लोक वृक्षारोपणाची वर्गणी मागायला आले. मी विचारलं, "झाडं कुठल्या जमिनीवर लावणार? तिथं आज काय उगवतंय?" कुणालाच माहीत नव्हतं. मी वर्गणी न देता दार लावून घेतलं.