सईचे बूट

कॉलेजच्या मैदानाजवळून सायकलने जाताना मुरगळलेल्या पायावर मारायच्या स्प्रेचा वास आला, की सईची शेवटची मॅच आठवते. माझ्या या धाकट्या बहिणीला जपानातल्या याच कॉलेजात फुटबॉलवर प्रवेश मिळावा, म्हणून मी तिचे व्हिडिओ थेट इथल्या कोचना पाठवले होते. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मला वाटलं, मला कळतं.

मॅचनंतर तिच्या शाळेचे कोच माझ्यासमोर कमरेत वाकले. "जपानात शिफारस शाळेचा कोच करतो. तुम्ही मला वगळलंत. आता मी कॉलेजच्या कोचना कोणत्या तोंडाने विचारू?"

सई बुटांच्या नाड्या सोडत होती. "असू दे ताई, तू माझ्यासाठीच केलंस," ती मराठी सोडून जपानीत म्हणाली.

ती चिडायला हवी होती, असं आता वाटतं. शिफारस झालीच नाही, आणि तिने ते बूट पुन्हा घातले नाहीत. मी मात्र रोज या मैदानावरून कॉलेजला जाते.